सर्वगुणसंपन्न मोबाईल आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी सोनपेठ येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी भाषण ठेवावयाचे तर विषय एखाद्या संतचरित्राचा, नाहीतर आहाराचा आणि आरोग्याचा, अशी आपली आजवरची रीत. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो मोबाईलचा. “सगळे काही एकात असलेला महागडा मोबाईल सामान्य गिऱ्हाइकाला खरोखर हवा असतो काय?” असा प्रश्न त्यांनी चिठ्ठीवर लिहून पाठविला. ‘सामान्य गिऱ्हाईक’ म्हणजे कोण, ते काही त्यांनी लिहिले नव्हते. मी ते गिऱ्हाईक आपल्याच घरात शोधावयाचे ठरविले.

वधूवरांच्या जाहिरातीत ‘सर्वगुणसंपन्न’ हा शब्द आपण पुष्कळदा वाचतो. मुलगी शिकलेली हवी, सुगरण हवी, गाणारी हवी, नोकरी करणारी हवी आणि चार माणसांत न बोलणारीही हवी! मोबाईलच्या जाहिराती हल्ली याच थाटाच्या असतात. बोलण्याचे यंत्र तर तो आहेच. शिवाय कॅमेरा, घड्याळ, गजर, बॅटरी, रेडिओ, पंचांग, नकाशा, हिशेबाची वही, सिनेमाचा पडदा आणि बँकेचे पासबुक, सगळे त्या एका पाटीत. किंमतही तशीच. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ आपल्या देशात विक्रीला आला तो ७९,९०० रुपयांपासून पुढे. त्याआधी २०१९ च्या ऑक्टोबरात सॅमसंग कंपनीने पुस्तकासारखी घडी घालता येणारा फोन इथे आणला, त्याची किंमत १,६४,९९९ रुपये होती.

एवढ्या रकमा ऐकल्या की डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. म्हणून आपण त्या आपल्या मापाने मोजू. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने ७९,९०० रुपयांचा फोन म्हणजे सोळा क्विंटलांहून अधिक सोयाबीन झाले. पाऊस बरा झाला आणि एकरी सात-आठ क्विंटल उतारा पडला असे धरले, तरी दोन एकरांचे सगळे पीक त्या एका फोनात गेले. बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी हे यात धरलेले नाही. शिवाय त्या साली बाजारात हमीभावाइतका दर किती जणांच्या पदरात पडला, हे तुम्हांला मी सांगावयास नको. दुसरे माप घ्या. लाडकी बहीण योजना २०२४ साली सुरू झाली तेव्हा महिन्याला १,५०० रुपये ठरले. त्या हिशेबाने या फोनाला चोपन्न हप्ते लागतील, म्हणजे साडेचार वर्षे. दहा हजारांच्या फोनाला सातच लागतील.

तेव्हा प्रश्न संपला, असे कोणी म्हणेल. ज्याला परवडत नाही त्याला आवडण्या-न-आवडण्याचा प्रश्न येतोच कोठे? मला हे पटत नाही. महागडेपणा आणि सगळे एकात असणे, या दोन गोष्टी दुकानदार एका पुडीत बांधून देतो म्हणून आपणही त्या एकच समजतो. त्या वेगळ्या आहेत, आणि गेल्या तीस वर्षांत आपल्या देशातील गिऱ्हाइकाने त्या वेगळ्या करून दाखविल्या आहेत.

आपल्या देशात मोबाईलवर पहिले बोलणे झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांनी ते ऐकले. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडत! २००३ साली येणारा फोन फुकट झाला तेव्हा कुठे हे यंत्र तुमच्याआमच्या गावाकडे वळले. त्याच साली नोकिया कंपनीचा ११०० हा फोन आला. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. पण बटणांत धूळ शिरत नसे आणि डोक्यावर बॅटरी होती. भारनियमनाच्या दिवसांत, रात्री मोटार चालू करावयास शेतात जाणाऱ्या माणसाला आणि अंधारात चूल पेटविणाऱ्या बाईला ती बॅटरी म्हणजे केवढी सोय! जगभर त्या फोनाचे पंचवीस कोटींहून अधिक नग खपले. पुढे २०१७ साली दीड हजारांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन निघाला. तो बटणांचाच होता. पण त्यात गाणी होती, सिनेमा होता, रेडिओ होता, आणि वर्षभराने व्हॉट्सअॅपही आले. तो दहा कोटींहून अधिक लोकांनी घेतला.

यावरून मला असे दिसते की सामान्य माणसाला ‘सगळे एकात’ हे फार आवडते. किंबहुना श्रीमंतापेक्षा त्यालाच ते अधिक हवे असते. ज्याच्या घरी कॅमेरा वेगळा, संगणक वेगळा, टेपरेकॉर्डर वेगळा, त्याला या सर्व गोष्टी फोनात असल्या काय आणि नसल्या काय! ज्याच्या घरी यातले काहीच नव्हते, त्याला एका वस्तूत दहा वस्तू मिळाल्या. मात्र दहाव्या गुणानंतरचे जे गुण, त्यांची किंमत मोजावयास तो तयार नाही, आणि त्यात त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातलाच दाखला घ्या. १९६३ साली मुंबईच्या माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर आपली वाटणे वाटताना जळाला. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर इंजिनियर होते. त्यांनी आपल्या वाटणाला टिकेल अशी मोटार बसवून जे यंत्र केले, त्यातून ‘सुमीत’ मिक्सर निघाला. हळद, सुकी मिरची, भिजलेली डाळ हे सगळे त्याने वाटले, आणि बायकांनी त्याला डोक्यावर घेतले. नंतर फूड प्रोसेसर आले. कणीक मळावयाचे भांडे, चकत्या करावयाची पाती, रस काढावयाची चाळणी, खोबरे खवावयाचे पाते असा सगळा संसार खोक्यात. आज ते खोके कितीजणींच्या घरी माळ्यावर आहे, हे हात वर करून सांगा पाहू! (हशा.) कणीक परातीतच मळली जाते, कारण भांडे धुवावयाचा त्रास मळण्याहून मोठा. वापरात राहिले ते मिक्सरचे पहिले दोन भांडे. महागड्या फोनाचे शंभर पट मोठे करून दाखविणारे भिंग हे मला त्या रस काढण्याच्या चाळणीसारखे वाटते.

आता कोणी म्हणेल, मग साधा बटणांचाच फोन पुरे. काही वर्षांपूर्वी मीही मान हलविली असती. आता तसे म्हणवत नाही, कारण मधल्या काळात फोन ही हौसेची वस्तू राहिली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढावयाचा, फोनाने ती जागा ओळखावयाची, आणि मग सातबाऱ्यावर पीक चढावयाचे. कॅमेरा, नकाशा आणि इंटरनेट ही तिन्ही एका ठिकाणी नसतील तर हे काम होत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय काढली आहे; जवळपास वीज पडण्याचा संभव असला की ती फोनावर इशारा देते. कापूस वेचावयास रानात गेलेल्या बाईला ही सोय ऐंशी हजारांच्या फोनातल्या सगळ्या चैनीपेक्षा मोलाची आहे. भाजी घेतल्यावर चौकोनी चिन्हावर फोन धरून पैसे देणे तर आता आपल्या आठवडी बाजारातही नवलाचे राहिलेले नाही.

पण स्वस्त म्हणजे कसलाही नव्हे, हेही सांगितले पाहिजे; आणि ते आपल्या अंगणवाडीच्या सेविकांनी सगळ्या राज्याला दाखवून दिले. २०१९ साली सरकारने त्यांना कामासाठी मोबाईल दिले. बालकांची वजने, उंची, पोषण आहार, गरोदर मातांच्या नोंदी, सगळे त्यातच भरावयाचे. तो फोन तापे, अडकून बसे, त्याची स्मरणशक्ती दोन जीबीचीच. शिवाय २०२१ साली आलेला पोषण ट्रॅकर इंग्रजीत! मराठी शाळेत शिकलेल्या बाईने गावातल्या मुलाचे नाव इंग्रजीत भरावयाचे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. त्यांनी काम नाकारले नाही. काम करता येईल असे हत्यार आणि आपली भाषा मागितली. ‘सामान्य गिऱ्हाइकाला काय हवे’ हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल त्यांनी कंपन्यांचे अहवाल वाचण्यापूर्वी ही हकीगत वाचावी.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते.

पूर्वी आपल्या घरात या सगळ्या वस्तू वेगवेगळ्या होत्या. रेडिओ फळीवर असे, घड्याळ भिंतीवर, बॅटरी दाराशी खुंटीला, पंचांग देवापाशी. पोस्टाचे पासबुक पेटीत कपड्यांखाली असे आणि त्याची जागा घरातल्या बाईला ठाऊक असे. फोन करावयाचा तर चौकातल्या पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी.वर जावे लागे, आणि तिथे पैसे टाकील त्याला बोलता येई. यांपैकी पुष्कळ वस्तू मालकीने पुरुषाच्या असतील. पण तो सकाळी कामावर गेला म्हणजे रेडिओ आणि घड्याळ खिशात घालून नेत नसे. त्या वस्तू घराच्या होत्या. दुपारी वामकुक्षी सोडून आकाशवाणीवरचा महिलांचा कार्यक्रम ऐकणाऱ्या किती जणी इथे बसल्या आहेत!

‘सगळे एकात’ आले आणि हे सगळे एका खिशात गेले. सकाळी नऊला तो खिसा घराबाहेर पडतो. त्याच्याबरोबर रेडिओ गेला, बँक गेली, मुलाच्या शाळेची सूचना गेली, डॉक्टरांचा नंबर गेला. मागे घरात राहतो तो फुटक्या काचेचा, सकाळी भरलेली चार्जिंग दुपारपर्यंतही न टिकणारा, मुलाने टाकून दिलेला फोन; आणि “हा तुझाच की!” असे तिला सांगितले जाते. नवा फोन आला की जुना खाली उतरत येतो, वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून आईकडे. ताज्या भाकरीचे आणि शिळ्या तुकड्याचे जे आपल्या घरांत चालत आले तेच इथेही चालू आहे. शिळ्या फोनाचे आणखी एक असे की तो कितीही महाग असला तरी त्याचे वय भरते. फार जुन्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅप १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले.

हे माझ्याच मनचे नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले होते की, जो तू स्वतः वापरतेस असा मोबाईल तुझ्याजवळ आहे काय? देशात शंभरातल्या सुमारे चोपन्न जणींनीच होय म्हटले. घरात फोन आहे आणि तिच्यापाशी फोन आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुकानदाराच्या वहीत आपले घर एक गिऱ्हाईक असते. मी म्हणते, एका घरात निदान दोन गिऱ्हाइके असतात, आणि त्यांतल्या एकाला आजवर कोणी विचारलेले नाही.

त्याचा परिणाम काय होतो, ते २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत आपण पाहिलेच. लाडकी बहीणसाठी ई-केवायसी करावयाची होती. बाईच्या आधारचा ओटीपी हवा, शिवाय पतीच्या अथवा वडिलांच्या आधारचाही. पैसे तिच्या नावाचे, खाते तिच्या नावाचे. पण ओटीपी येणार तो पुण्याला कामावर असलेल्या मुलाच्या नंबरावर, किंवा ऊसतोडीला गेलेल्या मालकाच्या फोनावर, जिथे रेंज येईल तेव्हा येईल. काहींच्या आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. विधवा बहिणींचे हाल तर विचारू नका. त्या आठवड्यांत ऐंशी हजारांचा फोन घरात असून उपयोग नव्हता आणि हजाराचा बटणांचा फोन तिच्या पदरात असता तर काम झाले असते, कारण ओटीपी वाचावयास बटणांचा फोन पुरतो.

बाहेरच्या जगात याच्या उलटही घडलेले आहे. शेजारच्या बांगलादेशात १९९७ साली ग्रामीण बँकेच्या पुढाकाराने खेड्यांतल्या बायकांना कर्जावर मोबाईल मिळाले. फोन बाईचा, गावातल्या माणसाने तिच्या दारी यावयाचे, बोलावयाचे आणि पैसे मोजावयाचे. पाटील असो की व्यापारी, दुबईतल्या मुलाशी बोलावयाचे तर तिच्या अंगणात बसावे लागे. फोन स्वस्त होऊन घरोघर गेले तसा तो धंदा ओसरला, पण तोवर कितीकींचे कर्ज फिटून घरे उभी राहिली. दुसरा दाखला आफ्रिकेतल्या केनियाचा. तिथे मार्च २००७ पासून साध्या बटणांच्या फोनावरून गावी पैसे पाठविता येऊ लागले. त्याला एम-पेसा म्हणतात. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये बटणांच्या फोनावरून यूपीआयने पैसे देण्याची वाट मोकळी केली आहे. ती फारशी कोणी सांगत नाही, कारण त्यात कोणाला काही विकावयाचे नसते.

विकण्याचा विषय निघालाच आहे तर हप्त्याविषयी बोलते. “रोजचे शंभर रुपये फक्त” असे म्हटले की ऐंशी हजार दिसेनासे होतात. बिनव्याजी हप्ता म्हणून जे सांगतात, त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळत नाही, किंवा कागदपत्रांच्या खर्चात व्याज दडलेले असते. बचत गटात दोन रुपये शेकड्याचा हिशेब पाईपर्यंत तपासणाऱ्या तुम्ही. मोबाईलच्या दुकानातही तोच चष्मा लावा. आणि ज्यांच्या घरी लग्न ठरते आहे त्यांना एक विचारते: नवरदेवाला अमुकच कंपनीचा फोन हवा, अशी मागणी आली तर तिला तुम्ही काय म्हणता? हौस? १९६१ सालचा हुंडाबंदीचा कायदा तिला दुसरे नाव देतो.

महागड्या फोनाची बाजूही मांडली पाहिजे. तो टिकतो. २०२३-२४ पासून गूगल आणि सॅमसंग यांनी आपल्या वरच्या दर्जाच्या फोनांना सात वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याचे मान्य केले आहे. लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा मुलगा, कपडे शिवून त्यांची चित्रे दूरच्या गिऱ्हाइकांना पाठविणारी बहीण, यांना चांगला कॅमेरा ही चैन नव्हे. पण बाकीच्यांनी हिशेब करावा. ७९,९०० रुपयांचा फोन सात वर्षे पुरला तरी वर्षाला ११,४०० रुपयांच्या वर पडतात. दहा हजारांचा तीन वर्षे पुरला तर वर्षाला ३,३०० च्या आसपास. म्हणजे बेताचे दोन फोन, एक त्याचा आणि एक तिचा, वर्षाला सातहजारांच्या आत बसतात, वर रिचार्ज धरा. रिचार्जचेही एक गौडबंगाल आहे: महिना अठ्ठावीस दिवसांचा धरल्यामुळे वर्षाला बारा नव्हे तर तेरा रिचार्ज होतात. जिला फक्त बोलावयाचे आणि ओटीपी घ्यावयाचे आहेत तिला इंटरनेटचे पैसे भरण्याची गरज नाही. दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि संदेशांचे पॅक काढावे लागले. दुकानात ते नावाने मागा, आपणहून कोणी पुढे करणार नाही.

म्हणून चिटणीसबाईंच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. सगळे एकात हवे, पण बेतात हवे. आणि ते एकाच माणसाच्या हाती असू नये. घरात ऐंशी हजारांचा एक फोन येणार असेल, तर तो घेण्यापूर्वी तुमचा स्वतःचा, तुमच्या नावाच्या सिमचा फोन आधी येऊ द्या. यात भांडण करावयाचे कारण नाही. लाडकी बहीणचे सात हप्ते बाजूला ठेवले तर कोणाकडे मागावेही लागत नाही.

चहापूर्वी दोन कामाच्या गोष्टी सांगते. ज्यांच्या आधारला मुलाचा, दिराचा अथवा बंद पडलेला नंबर आहे, त्यांनी आपले आधारकार्ड घेऊन केंद्रावर जावे. बोटाचा ठसा देऊन आपला नंबर जोडून मिळतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे शुल्क ७५ रुपये झाले आहे; त्याहून जास्त मागितले तर पावती मागा. दुसरी गोष्ट, ओटीपी विचारणारा फोन आला आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. त्याच घटकेला १९३० या नंबरावर कळवा. हा नंबर मी फळ्यावर लिहून ठेवला आहे. ज्यांना एकटीने केंद्रावर जाण्याचा संकोच वाटतो त्यांनी जाताना चिटणीसबाईंकडे नाव द्यावे, म्हणजे चार-पाच जणींनी मिळून जाता येईल.